पौषातला कामाचा दिवस आणि गावचे देऊळ

देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघाली म्हणजे तीत मूर्तीचे वर्णन येते, बांधकामाची हकीकत येते, यात्रेच्या तिथी व मानकरी येतात, आणि शेवटी देणगीदारांची नामावली येते. हे सर्व यावयासच पाहिजे. परंतु यात्रा दोन दिवसांची असते. वर्षाचे उरलेले दिवस कामाचे असतात, आणि त्या दिवसांतही देव गावातच असतो. नांगर, मोट, जाते, खळे यांच्याशी त्याचा काय संबंध होता, याची नोंद कोणत्याही नमुन्यात होत नाही. गाव नमुना तीनमध्ये देवस्थान इनाम किती एकर व किती गुंठे ते सापडते. त्या जमिनीवर पहाटे मोट धरणाऱ्याच्या मनात काय होते ते सापडत नाही. म्हणून येथे थंडीतला एक साधा, कोणताही सण नसलेला दिवस घेऊन त्याचा इतिहास पाहावयाचा आहे.

पौष महिन्याला आपल्याकडे भाकड महिना म्हणतात. लग्नमुंज नाही, वास्तुशांत नाही, नवीन कामाचा मुहूर्त नाही. संक्रांत आणि शाकंभरी नवरात्र सोडले तर देवाधर्माचे फारसे काही नाही, अशी समजूत. सोलापूर जिल्ह्यात मात्र हाच महिना कामाने भरलेला. कोकणात किंवा मावळात भात निघाले की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. इकडे पाऊस कमी, आणि जो पडतो तो भाद्रपद-आश्विनात. ज्वारीचा पेरा हस्त नक्षत्राच्या आगेमागे होतो आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभे राहते. पौषात ते निसवलेले असते, दाण्यात दूध भरत असते. मंगळवेढ्याचे शिवार पाहिले म्हणजे याचा अर्थ कळतो. मैलोगणती बांध दिसत नाहीत, नुसती ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेली मालदांडी 35-1 ही जात पुढे सर्व दख्खनभर पसरली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या भूमीवर ही ज्वारी पिकते त्याच भूमीवर, भीमा आणि माण या नद्यांच्या आसपास, पंढरपूर आहे, मंगळवेढे आहे, अरण आहे, सोलापूर आहे. संतांच्या कथा आणि हिवाळ्यातली कामे या मातीत शेजारी शेजारी वाढली.

दिवस सुरू होई तो जात्यापासून. कोंबडा आरवण्यापूर्वी घराघरांतून घरघर ऐकू येई. थंडीत जात्याचा दगड बर्फासारखा गार, खुंटा हाताला झोंबणारा. पण चार वेढे घेतले की अंगात ऊब येई. दोघी समोरासमोर बसत, सासू-सून किंवा जावा-जावा, एकीचा हात दमला की दुसरीचा जोर लागे. आणि ओवी सुरू होई. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला, असा साधारण प्रघात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दळण हे सुख नव्हते. हाताला घट्टे पडत, बाळंतिणीलाही त्यातून लवकर सुटका नसे, आणि ओव्यांत देवाच्या नावाबरोबर सासुरवासाचे गाऱ्हाणेही भरपूर आहे. परंतु दिवसातला तेवढाच वेळ बाईच्या मालकीचा होता. पुरुष निजलेले, लेकरे निजलेली, समोर फक्त जाते. त्या वेळी ती जे बोले ते तिचे स्वतःचे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या संग्रहित केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव हिंडून 1 लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढे मोठे वाङ्मय ज्यांनी रचले त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

या जात्यापाशी देव आला ही कथा जनाबाईची. जनाबाई मूळची गंगाखेडची, पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. पहाटेचे दळण, झाडलोट, पाणी भरणे, शेण्या वेचणे, ही तिची कामे. आणि या प्रत्येक कामात विठ्ठल तिला हात लावतो, असे तिचे अभंग सांगतात. पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे म्हणून एक जाते दाखवितात. यात्रेकरू त्याचा खुंटा धरून एखादा फेरा फिरवून पाहतात. या कथेतले मर्म असे की जनाबाई दळण टाकून देवळात गेली नाही. जाता आलेच नसते. दासीला कोण सोडणार? तेव्हा देवळातून निघून देवानेच यावयाचे ठरविले. भाविकाला हा चमत्कार वाटतो. पण पहाटे एकटीने दळणाऱ्या प्रत्येक बाईला ही आपलीच हकीकत वाटली असली पाहिजे. त्याशिवाय सातशे वर्षे ती तिच्या ओठांवर राहिली नसती.

जात्याची घरघर चालू असता इकडे देवळात गुरव उठलेला असे. गुरवाचे काम बाहेरून सोपे दिसते. ते रोजचे असते, हीच त्यातील अवघड गोष्ट. झाडलोट, पाणी, दिवा, बेलफूल, पूजा, शिवाय गावजेवणाला पत्रावळी-द्रोण लावून देणे. थंडीत अंधारात विहिरीवर जाऊन घागर भरावयाची ती वर्षात एक दिवसही चुकवावयाची नाही. त्याबद्दल इनामाचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (1915) या ग्रंथात या सर्व बलुतेदारांची कामे आणि हक्क तपशिलाने दिले आहेत. ज्यांना गावचा कारभार कसा चाले ते समजून घ्यावयाचे आहे त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी यांचे वाटे ओळीप्रमाणे ठरलेले. देवाची पूजा हेही त्यात एक कामच होते. सुताराने तिफण नीट केली, गुरवाने दिवा लावला. दोघांचे माप एकाच राशीतून निघे. देवळाला गावापासून वेगळे काढून ‘धार्मिक’ असा निराळा कप्पा करण्याची आताची पद्धत जुन्या गावाला ठाऊक नव्हती.

उजाडता उजाडता मळ्यात मोट सुरू होई. हिवाळ्यात गहू, हरभरा, कांदा, लसूण, वांगी यांना पाणी पाहिजे, आणि उन्हे वर येण्यापूर्वी बैल चांगले चालतात. बैल धावेवरून खाली उतरत तेव्हा भरलेली मोट वर येई, सोंदूर ओढला की पाणी थारोळ्यात कोसळे, मग बैल मागे सरत. मोटकरी नाड्यावर बसून गाणे म्हणे. त्या गाण्यावर बैलांची पावले बसलेली असत. मोटकरी बदलला तर बैल कुचंबत, असे जुनी माणसे सांगत. थंडीत विहिरीचे पाणी वरून वाफाळलेले दिसते. त्यात हात घातला तर कोमट लागते. पाटाच्या कडेला बसून त्या पाण्याने तोंड धुणे हे ज्याने अनुभवले त्याला त्या सुखाचे वर्णन करून सांगावे लागत नाही.

या मळ्यातला संत म्हणजे सावता माळी. माढे तालुक्यातील अरण हे त्याचे गाव. त्याचा काळ साधारण 1250 ते 1295. पंढरपूर जवळ असूनही तो वारीला गेला नाही. मळा हेच त्याचे पंढरपूर. त्याच्या अभंगांत भाजीपाला, विहीर, मोट, दोर हीच देवाची रूपे होऊन येतात. हे अभंग लिहून ठेवले भेंडच्या काशिबा गुरवाने. म्हणजे माळ्याने रचावे आणि गुरवाने लिहावे, असा हा गावगाड्यातलाच व्यवहार झाला. उपलब्ध अभंग थोडेच, 37 च्या आसपास. मळ्यात राबणाऱ्याला लिहावयास सवड कोठून? पण त्या थोड्या अभंगांनी एक फार मोठी गोष्ट केली. कर्म हे भक्तीच्या आड येते, संसार टाकल्याशिवाय देव भेटत नाही, या समजुतीला त्यांनी धक्का दिला. त्याचे स्मरण म्हणून आजही एक रीत पाळली जाते. आषाढीला सर्व संतांच्या पालख्या पंढरपुरास येतात, आणि नंतर विठ्ठलाची पालखी अरणला जाते. आषाढ वद्य 14 ही सावता महाराजांची पुण्यतिथी. कामावरून हलता न आलेल्या माणसाकडे देवाने जावे, हे वारकऱ्यांनी नुसते गायिले नाही, रीतीत बसविले.

मात्र सावत्याच्या मोटेकडे आणखी एका बाजूने पाहिले पाहिजे. मोट कातड्याची, ती शिवणारा चांभार. मोटेला लागणारा जाड नाडा आणि बारीक सोंदूर वळणारा मांग. मोटेवरच्या पाण्यावर वाढलेली फुले देवाच्या गळ्यात पडत. ज्याने दोर वळला तो देवळाच्या पायरीखाली उभा राही. गावातील कित्येक वडीलधाऱ्यांना हे आठवत असेल, आणि जीर्णोद्धाराच्या शुभप्रसंगी हे कशाला, असेही कोणाला वाटेल. पण देवळाचा इतिहास लिहावयाचा तर तो भिंतीच्या दोन्ही बाजूंचा लिहावा लागतो.

दिवस वर आला की न्याहरी. शेतात भाकरी घेऊन येणारी बाई दुरून दिसली की बैल आपोआप उभे राहत, असे गमतीने म्हणत. हिवाळ्याची न्याहरी ही वर्षातली सर्वात चवदार. कांदापात, हरभऱ्याची भाजी, ठेचा, ताक, आणि पौषात हुरडा. बांधावर गोवऱ्यांची आगटी करावयाची, कोवळी कणसे त्यात भाजावयाची, आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढावयाचे. गूळ, तिळाची किंवा जवसाची चटणी. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवावयाचे, ही रीत. तो ओळखीचा असलाच पाहिजे असे नाही. पाखरेही हुरडा खातात. माळ्यावर बसून गोफण फिरविणारे पोर त्यांना हाकलते खरे, पण चार कणसे त्यांचीही, हे घरातील म्हातारे सांगत. अलीकडे शहरातले लोक पैसे देऊन हुरडा खाण्यास येतात. त्यात वाईट काही नाही. दोन पैसे शेतकऱ्याला मिळतात. फक्त वाटसरूला हाक मारण्याची रीत त्यात बसत नाही.

मार्गशीर्ष आणि पौष या दोन महिन्यांत जेवण आणि पूजा यांतील अंतरच नाहीसे होते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी व कांदा त्या दिवसापासून पुन्हा ताटात. धनुर्मासात सूर्योदयाला देवाला मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी व लोणी दाखवून लगेच जेवावयाचे. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे व आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात वेळ अमावास्या, म्हणजे येळवस. कडब्याच्या पेंढ्यांची कोप शेतातच उभारावयाची, तीत पांडव मांडावयाचे, सर्व भाज्या एकत्र केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यात आंबील. ती आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालावयाची. त्या दिवशी गाव ओस पडते, कारण देऊळच शेतात गेलेले असते. पुढे भोगी आणि संक्रांत. सुगडात बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे कांडे, गाजर, ज्वारीचे कणीस. त्या वाणात शिवारातले जे त्या घडीला तयार आहे ते सर्व येते. बाजारातून आणावे लागे ते जवळजवळ काहीच नाही, आणि सुगडेसुद्धा गावच्याच कुंभाराची.

पंढरपुरात तर या दिवसांत देवच बाहेर पडतो. मार्गशीर्ष महिनाभर विठ्ठलाचा मुक्काम गोपाळपूरजवळच्या विष्णुपदावर असतो, अशी श्रद्धा आहे. चंद्रभागेच्या पात्रात हे स्थान आहे; खडकावर देवाची पावले आणि गाईंची खुरे उमटलेली दाखवितात. पंढरपूरचे लोक घरून शिदोरी बांधून तेथे जातात, दर्शन घेतात आणि वाळवंटात बसून जेवतात. शास्त्रपुराणात याची कथा रुक्मिणीच्या शोधाशी जोडलेली आहे. ते काही असो; पण थंडीच्या दिवसांत उन्हात बसून नदीकाठी भाकरी खावी हे माणसाला जसे वाटते तसे देवालाही वाटत असावे, असे मानणारा समाज रसिक होता यात शंका नाही.

असे हे हिवाळे सर्वच आनंदाचे होते, असे कोणी समजू नये. पाऊस गेला की पौष कोरडा जाई. 1972 साली असाच हिवाळा आला. शिवारात हिरवे पान नाही, जनावरे बाजारात कवडीमोलाने गेली, आणि ज्या हातांनी हुरडा चोळावयाचा त्या हातांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. बायका लेकराला झाडाखाली झोळीत ठेवून हातोडा मारीत. सुकडीवर दिवस काढले. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 साली केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला तो खडी फोडणाऱ्यांच्या घामामुळे, हे पुढील पिढीस सांगितले पाहिजे.

दुष्काळाच्या संदर्भात आपल्या भागात नाव निघते दामाजीपंतांचे. मंगळवेढ्याचे हे अंमलदार बहामनी राज्यातले. दुष्काळात माणसे उपाशी मरताना पाहून त्यांनी सरकारी धान्याची कोठारे खुली केली. सरकारी मालाची अशी वाट लावणे म्हणजे काय, हे महसुलात नोकरी केलेल्यास सांगावे लागत नाही. बेदरहून बोलावणे आले. आणि कथा अशी की दामाजी वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक माणूस बेदरच्या दरबारात हजर झाला, त्याने धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना आपल्या पोथीत सापडली. कथा रचणाऱ्याला कारभार चांगला ठाऊक होता. रक्कम भरली आणि पावती घेतली नाही, असे त्याने होऊ दिले नाही.

या कथेतील सर्वात अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे देवाने घेतलेले रूप. गावचा वसूल कसब्याच्या ठिकाणी पोचविणे हे महाराचे वतनी काम होते. वेस राखणे, सरकारी टपाल नेणे, पाहुण्या अंमलदाराची बडदास्त, मेलेले जनावर ओढणे ही कामे रात्रीअपरात्री, पौषाच्या कडाक्यातही करावी लागत. त्याबद्दल वतनाचा तुकडा आणि बलुते. पुष्कळ गावी खळ्याच्या तळचे मातीमिसळ मातेरेही त्यातच धरलेले. भरलेली थैली घेऊन तो मैलोगणती चालत जाई आणि एक पैसा कमी होत नसे. गावचा सारा विश्वास त्याच्या खांद्यावर, आणि देवळाचे दार त्याला बंद. कथेने त्याच खांद्यावर देव बसविला नाही, त्यालाच देव केले. या वतनी गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने नष्ट झाली ती 1958 च्या कायद्याने. म्हणजे कथेने जे पाचशे वर्षांपूर्वी मानले ते दप्तरात उतरावयास इतका काळ लागला.

मंगळवेढ्याचाच दुसरा संत चोखामेळा. त्याचा शेवट कामावर झाला. गावकुसाची भिंत बांधण्याचे काम चालू होते, त्या वेठीला चोखोबा होता; भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. शके 1260 म्हणजे इसवी सन 1338 ची ही गोष्ट. नामदेवांनी तेथे जाऊन त्याच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्याची समाधी बांधविली. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येई, त्यावरून ती ओळखली, असे सांगतात. ढिगाऱ्यातून नेमका आपला माणूस शोधून काढण्याची ही तळमळ फार मोठी आहे. एरवी भिंतीखाली मेलेल्या मजुराचे नाव कोण विचारतो? त्या भिंतीखालचे बाकीचे लोक कोण होते, ते कोणालाच ठाऊक नाही. जीर्णोद्धाराच्या कामावरही गवंडी, पाथरवट, खडी-वाळू वाहणाऱ्या बाया राबतात. देणगीदारांची नावे संगमरवरावर जातात. त्यांची हजेरीपटावर राहतात, आणि हजेरीपट काही वर्षांनी रद्दीत निघतो.

चोखोबाची समाधी द्वारासमोर होती, पण द्वाराच्या आत जाण्यास त्याच्या लोकांना पुढे सहाशे वर्षे लागली. साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरास उपोषण आरंभिले आणि ते 10 मे रोजी सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि 1956 साली त्याहून व्यापक कायदा आला. त्याच पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली होती. 1949 साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. गाडगेबाबा वारीला येत, पण त्यांचे काम वाळवंटात. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. गाव झाडून झाल्याशिवाय ते भाकरीला हात लावीत नसत. त्यांचा देह पडला तोही ऐन हिवाळ्यात, 20 डिसेंबर 1956 रोजी. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

कामाला देव मानण्याचा विचार या भूमीत वारकऱ्यांच्याही आधी रुजलेला होता. बाराव्या शतकात बसवेश्वर मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी करणिक, म्हणजे हिशेब लिहिणारे अधिकारी होते. शरणांचा जो कायक विचार आहे त्यात चांभाराचे आरी-दोरे आणि हिशेबनिसाची लेखणी यांचे मोल एकच. प्रामाणिक श्रम हीच पूजा, आणि श्रमातून मिळालेले वाटून खावयाचे. त्याच काळात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामेश्वर झाले. त्यांनी लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला आणि भोवती 68 लिंगे स्थापन केली. संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा त्यांचीच. कथा अशी की एक कुंभारकन्या रोज पहाटे सिद्धरामांच्या अंगणात सडासंमार्जन करी आणि रांगोळी काढी. तिने विवाहाची इच्छा सांगितली. सिद्धराम योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली. तो विवाहसोहळा दरवर्षी अक्षता टाकून साजरा होतो, सात नंदीध्वज मिरवत निघतात, आणि सारे शहर त्या लग्नाचे वऱ्हाडी होते. पौषात लग्न करावयाचे नाही, असे पंचांग सांगते. सोलापूरकर मात्र याच दिवसांत कुंभाराच्या मुलीचे लग्न लावून मोकळे होतात. अंगण झाडणाऱ्या मुलीची ही यात्रा आहे, हे गर्दीत विसरून जावयास होते एवढेच.

संध्याकाळ थंडीत लवकर पडते. गुरे परतत, गोठ्यात धूर होई, चुलीवर पिठले शिजे. गुरव दिवा लावी. मग शेकोटी, देवळासमोर किंवा चावडीपुढे, ज्याने त्याने एकेक लाकूड आणावयाचे. शेकोटीभोवती उद्याची कामे ठरत, कोणाचे बैल कोणाकडे इर्जिकीला जावयाचे ते ठरे, भांडणेही तेथेच मिटत किंवा पेटत. त्यानंतर ज्याला उत्साह तो भजनाला. दिवसभर राबलेल्या माणसाच्या गळ्यात सूर कोठून यावा? पण टाळ हातात आला की येत असे. पखवाजाला लावण्यासाठी कणकेचा गोळा कोणाच्या तरी घरून यावयाचा, तोही पाळीपाळीने. भजनात कोणी चुकले तर कोणी हसत नसे, कारण सकाळी त्याच माणसाची मोट ऐकलेली असे.

पौष संपून माघ लागला की काढणी, आणि मग खळे. जमीन चोपून, शेणाने सारवून, मध्ये तिवडा रोवावयाचा. बैलांची पात त्याभोवती फिरे. वारा सुटला की उफणणी. रास पडली म्हणजे तिची पूजा. तोवर खळ्यात पायतण घालून कोणी जावयाचे नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही. माप घेताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग बलुतेदार येत आणि वाटे निघत. वाट्यांवरून कुरकुरही होई. माप सैल की घट्ट यावर वर्षभराचे संबंध ठरत. पण देवाचा वाटा काढताना माप घट्ट भरले असे ऐकिवात नाही.

आता मोटेच्या विहिरीवर विजेचा पंप आहे. जाते कोपऱ्यात गेले. लग्नात हळद दळण्यापुरते बाहेर येते. पहाटेची घरघर गिरणीने थांबविली आणि त्याबद्दल एकाही बाईने दुःख केलेले नाही, हे ओव्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बलुते गेले, वतने गेली, रोख मजुरी आली. तिवड्याभोवतीची पात जाऊन मळणीयंत्र आले. चार दिवसांचे काम दुपारपर्यंत होते. यंत्र बांधावर येऊन उभे राहिले की शेतकरी त्याच्या चाकापुढे नारळ फोडतो, चालकाला आणि मजुरांना खोबऱ्याचा तुकडा देतो, यंत्राला हळदकुंकू लावतो, आणि मग कडब्याच्या धुरळ्यात दाण्याची पहिली धार पोत्यात पडू लागते.